कवडीचें मोल

‘फुटकी कवडीही मिळणार नाहीं’ असें आपण सहज म्हणतों. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यांत माळ होऊन मिरवणारी ही कवडी एकेकाळीं सरकारी खजिन्यांत साऱ्यादाखल जमा होत असे, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांस नवलाचें वाटेल.

कवडी म्हणजे उष्ण समुद्राच्या उथळ पाण्यांतील एका लहानशा गोगलगायीचें कवच. मालदीवचे लोक हे प्राणी गोळा करून खड्ड्यांत पुरीत आणि मांस कुजून गेल्यावर उरलेलीं कवचें तांदुळाच्या मोबदल्यांत बंगालकडे पाठवीत. १३४३-४४ च्या सुमारास तेथें राहिलेल्या इब्न बतूतानें हा व्यापार नोंदून ठेवला आहे. ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचें काहण, असा हिशेब असे. हें नाणें खोटें पाडतां येत नसे. आणि चिमूटभर मीठ घेणाऱ्या गरिबाला रुपया काय कामाचा?

आजच्या ओडिशांत, नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत, साराही कवड्यांत भरतां येई. १८०३ सालीं तो प्रांत कंपनीकडे गेला आणि तिनें चांदी मागितली. रयतेच्या गांठीला चांदी कोठली? सर्वांनाच रुपया हवा झाल्यामुळें कवडीचा भाव कोसळला, आणि शेत तेंच असून साऱ्याचा बोजा मात्र वाढला. १८१७ सालीं बक्षी जगबंधूच्या मागें खुर्द्याचे पाईक उठले. त्यांच्या इनामी जमिनी गेल्या होत्या, मीठ महागलें होतें, हें खरेंच. पण त्या संतापांत बुडालेल्या कवडीचाही वांटा होता.