सॉकर रटाळ कोणाला वाटतो? अमेरिकन प्रेक्षक, जाहिराती आणि शंभर वर्षांचा एक वाद

#थ्रेड

१९६७ साल. पिट्सबर्ग आणि टोरांटो या संघांचा सॉकरचा सामना अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर दाखवला जात होता. पंचाने त्या सामन्यात २१ वेळा फाउलची शिट्टी वाजवली. त्यांपैकी ११ शिट्ट्या जाहिरातींना जागा मिळावी म्हणून वाजवल्या होत्या, अशी कबुली त्याने दिल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत छापून आले आणि एकच गदारोळ उडाला.

अमेरिकन माणसाला सॉकर रटाळ का वाटतो, या प्रश्नावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. गोल फार कमी होतात, बरोबरी फार होते, चेंडू उगाच मागे-पुढे फिरतो, ही कारणे नेहमी ऐकू येतात. या वादाचा इतिहास पाहू लागले, तर कारणांची ही यादी बरीच डळमळीत होते.

आधी त्या वाहिनीची अडचण समजून घ्यावी. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला षटक संपले की जाहिरात लागणार, हे अंगवळणी पडलेले असते. अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल हे खेळही असेच थांबत थांबत चालतात. सॉकरचे घड्याळ मात्र ४५ मिनिटे अखंड धावते. साबण विकायचा तरी केव्हा?

वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० साली अमेरिकन फुटबॉलच्या काही प्रक्षेपणांची मोजदाद केली होती. तीन तासांहून अधिक चालणाऱ्या एका प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ निघाला सुमारे ११ मिनिटे! उरलेला वेळ जाहिराती, पुनर्दर्शन आणि खेळाडूंची जुळवाजुळव यांचा. तरीही तो खेळ कोट्यवधी लोकांना थरारक वाटतो, आणि त्यात नवल नाही. प्रत्येक थांब्याला पुढच्या डावपेचाचा अंदाज बांधता येतो, शेजाऱ्याशी वाद घालता येतो. त्या प्रेक्षकाची उत्कंठा थांब्यांच्या लयीवर पोसलेली असते.

गुणांचेही असेच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका टचडाउनचे ६ गुण आणि त्यावर बहुधा आणखी १. म्हणजे २१-१४ असा भरघोस दिसणारा निकाल मुळात ३-२ इतकाच असतो.

तरीही "हा खेळ अमेरिकन स्वभावालाच मानवत नाही" असे सांगणारे नेहमीच होते. १९८६ साली विश्वचषकाच्या यजमानपदाचा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे आला, तेव्हा जॅक केम्प या सदस्याने अमेरिकन फुटबॉल हा लोकशाही व भांडवलशाहीचा खेळ आणि सॉकर हा युरोपीय समाजवादाचा, अशी विभागणी सभागृहात मांडली. केम्प स्वतः अमेरिकन फुटबॉलचे नावाजलेले क्वार्टरबॅक होते. त्यांचे बोलणे अर्धे विनोदातच घ्यायचे. पण ते ज्या समजुतीवर आधारलेले होते, ती समजूत गंभीर होती आणि चुकीची होती.

चुकीची कशी, ते पाहण्यासाठी १९२० च्या दशकात जावे लागते.

१९२१ साली अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. पेनसिल्व्हेनियातील पोलाद कारखान्याचा बेथलेहेम स्टील हा संघ आणि मॅसॅच्युसेट्समधील कापड गिरण्यांच्या गावचा फॉल रिव्हर मार्क्समेन हा संघ, ही तिची बलस्थाने. स्कॉटलंडमधील कसलेले खेळाडू चांगल्या पगारासाठी समुद्र ओलांडून येथे येत. बेथलेहेमच्या आर्ची स्टार्कने १९२४-२५ च्या एका हंगामात लीगमध्ये ६७ गोल केले. १९२६ साली व्हिएन्नाचा हाकोआ हा ज्यू खेळाडूंचा संघ न्यूयॉर्कला आला, तेव्हा पोलो ग्राउंड्सवर सुमारे ४६,००० प्रेक्षक जमले. या गर्दीला खेळ रटाळ वाटत होता, असे कोण म्हणेल?

मग ही लीग गेली कुठे? १९२८ साली राष्ट्रीय चषक स्पर्धेत क्लबांनी खेळावे की नाही, यावरून लीग आणि राष्ट्रीय महासंघ यांच्यात भांडण जुंपले. बहिष्कार, निलंबन, प्रतिस्पर्धी लीग असे सगळे प्रकार झाले. इतिहासात या भांडणाला 'सॉकर युद्ध' हेच नाव पडले आहे. समेट होतो न होतो तोच महामंदी आली, गिरण्या बंद पडल्या आणि १९३३ पर्यंत लीग संपली. प्रेक्षकांच्या कंटाळ्याने तिचा घात केला नाही. घरातली भाऊबंदकी आणि बाहेरची मंदी यांनी केला. दरम्यान १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने उपांत्य फेरी गाठली होती, आणि त्या स्पर्धेतील पहिली हॅट्‌ट्रिक फॉल रिव्हरच्या बर्ट पॅटेनॉडची होती.

लीगबरोबर एका पिढीची सवय बुडाली. सवय बुडाली की काय होते, याचे उदाहरण १९५० चे. २९ जून रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोंटे येथे अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवले. विश्वचषकाच्या इतिहासातला हा एक मोठा धक्का. तो पाहायला अमेरिकेतून एकच पत्रकार गेला होता, आणि तोही स्वखर्चाने!

पुढे १९६६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवर चांगला पाहिला गेला. पैसेवाल्यांचे डोळे चमकले आणि १९६७ मध्ये एकदम दोन व्यावसायिक लीग उभ्या राहिल्या. एका लीगने वेळ वाचवण्यासाठी परदेशी क्लबच उचलून आणले. इंग्लंडचा वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स लॉस एंजेलिसच्या नावाने खेळला, तर स्कॉटलंडचा अॅबरडीन वॉशिंग्टनच्या. या दोघांचा अंतिम सामना जादा वेळेत ६-५ असा सुटला. ज्यांना गोल हवे होते त्यांना अकरा गोल मिळाले. लीगचा संसार मात्र त्याने सावरला नाही.

दुसऱ्या लीगपाशी सीबीएसचा करार होता. वर उल्लेखिलेला शिट्ट्यांचा प्रताप याच लीगमधला. समालोचनासाठी टॉटनहॅमचा माजी कर्णधार डॅनी ब्लँचफ्लॉवर याला आणले होते. खेळ सुमार असला तर तो सुमारच म्हणे. चालकांना गोड बोलणारा माणूस हवा होता. ते या गृहस्थाला जमले नाही. याच लीगने गुणांचेही नवे गणित काढले: विजयाला ६ गुण, बरोबरीला ३ आणि पहिल्या तीन गोलांपर्यंत प्रत्येक गोलाला १ जादा गुण.

युरोपात या प्रकारांची थट्टा झाली. ती थोडी अन्यायाचीच होती, कारण नियम बदलून खेळ जिवंत ठेवणे ही अमेरिकेची जुनी रीत आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेनने मिनिआपोलिसला बास्केटबॉलच्या सामन्यात १९-१८ असे हरवले. चेंडू नुसता हातात धरून ठेवण्याचा तो खेळ पाहून लोक वैतागले. १९५४ मध्ये २४ सेकंदांचे घड्याळ आले आणि बास्केटबॉलचा कायापालट झाला. स्वतःच्या खेळांवर जो इलाज लागू पडला, तो पाहुण्या खेळावर करून पाहावा असे वाटणे स्वाभाविक होते.

दोन्ही लीग एकत्र होऊन नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग तयार झाली. १९७३ पासून तिने ऑफसाइडसाठी मैदानावर ३५ यार्डांची वेगळी रेषा आखली, म्हणजे चढाई करणाऱ्यांना मोकळीक मिळावी. १९७७ पासून बरोबरी मोडण्यासाठी नवा शूटआउट आला: खेळाडूने ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन निघायचे, ५ सेकंदांत गोल करायचा, आणि गोलरक्षकाने हवे तेव्हा पुढे धावून यायचे. द्वंद्व म्हणून पाहिले तर हा प्रकार साध्या पेनल्टीपेक्षा सरस होता, हे टीकाकारांनीही मान्य करायला हरकत नव्हती.

पण गर्दी रेषेमुळे जमली नाही. ती जमली पेलेमुळे. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडे आला आणि १४ ऑगस्ट १९७७ रोजी जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ प्रेक्षक बसले. पेले निवृत्त झाला. लीगने उत्साहाच्या भरात १९७८ मध्ये संघांची संख्या २४ वर नेली. खर्च हाताबाहेर गेला आणि १९८४ च्या हंगामानंतर तिनेही दुकान बंद केले.

जाहिरातींचा तिढा सुटला तो आणखी दहा वर्षांनी. १९९० च्या विश्वचषकात अमेरिकन वाहिनी खेळ चालू असतानाच जाहिराती लावत होती. १९९४ मध्ये स्पर्धा अमेरिकेतच भरली, तेव्हा पडद्यावरच्या घड्याळाशेजारी प्रायोजकाचे चिन्ह ठेवून ४५ मिनिटे अखंड दाखवण्याची युक्ती निघाली. २७ वर्षांत हे कोणाला सुचले नव्हते! त्या स्पर्धेचे ५२ सामने मैदानावर एकूण ३५,८७,५३८ प्रेक्षकांनी पाहिले, आणि २०२२ पर्यंत कोणत्याही विश्वचषकाला हा आकडा गाठता आला नाही. अंतिम सामना मात्र १२० मिनिटांनंतरही ०-० होता.

तरी भीती गेली नाही. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली ती उलटे चालणारे घड्याळ आणि तोच ३५ यार्डांचा शूटआउट घेऊन. सॅन होझे येथील पहिला सामना ८८ व्या मिनिटापर्यंत गोलशून्य होता. एरिक विनाल्डाने गोल केला तेव्हा प्रेक्षकांइतकाच आयोजकांच्या जिवात जीव आला. १९९९ च्या हंगामानंतर लीगने हे अमेरिकन अलंकार उतरवून ठेवले आणि जगाचे नियम स्वीकारले.

त्याच १९९९ सालच्या उन्हाळ्यात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना कॅलिफोर्नियातील रोझ बोलवर झाला. अमेरिका विरुद्ध चीन, प्रेक्षक ९०,१८५. ९० मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता: पहिला गोल झाला की सामना तिथेच संपला. शंभराव्या मिनिटाच्या सुमारास चीनच्या फान युन्जीने कॉर्नरवर हेडर मारला. गोलरक्षक चकली होती. चेंडू जाळ्यात जाणार, तोच गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टीन लिलीने तो डोक्याने बाहेर काढला. धावफलकावर त्या क्षणाची नोंद ०-० एवढीच राहिली. गोल दुर्मिळ असतो म्हणूनच त्या एका हेडरचे मोल विश्वचषकाएवढे होते, आणि ते स्टेडियममधल्या कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पुढे पेनल्टीवर ब्रँडी चॅस्टेनने निर्णायक गोल केला. तिचे ते छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे, लिलीचा तो बचाव कमी जणांना.

रटाळपणाचा आरोप पुढे खुद्द बेसबॉलवर आला. २०२३ मध्ये तेथे चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावावे लागले आणि सामन्याचा सरासरी वेळ सुमारे २४ मिनिटांनी घटला. त्याच वर्षी मेस्सी मायामीला आला, आणि पहिल्याच सामन्यात जादा मिनिटांमध्ये त्याच्या फ्री-किकने निकाल लागला.

२०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने डिसेंबर २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला: हवामान कसेही असो, प्रत्येक अर्धात ३ मिनिटांची पाण्याची विश्रांती. कारण खेळाडूंच्या आरोग्याचे सांगितले गेले, आणि उन्हाळा पाहता ते खोटे नाही. १९६७ च्या त्या पंचाला मात्र अशी सोय मिळाली असती, तर त्याच्या शिट्ट्या बऱ्याच वाचल्या असत्या.