जुन्नरचा यवन आणि पाण्याची दोन टाकी

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आठवीत शिकणारी माझी मुलगी एका संध्याकाळी शाळेतून आली आणि दप्तर खांद्यावर तसेच ठेवून तिने विचारले, "अब्बू, यवन म्हणजे आपणच ना?" वर्गात कुठल्याशा जुन्या बखरीतला उतारा वाचला गेला होता. त्यात 'यवन' शब्द आला तशी पाच-सहा मुले मागे वळून तिच्याकडे पाहू लागली. कोणी काही बोलले नाही. पण किती माना वळल्या, ते तिने मोजले होते.

शब्दकोश काढून मी तिला अर्थ सांगू शकलो असतो. पण अशा प्रश्नाचे उत्तर कोशात मिळाले तरी मनात उतरत नाही. मी म्हटले, "रविवारी जुन्नरला जाऊ. तिथे एक यवन भेटेल."

पुण्याहून जुन्नरला जायला गाडी-घोडे लागत नाहीत. शिवाजीनगरहून नारायणगावमार्गे एसटी जाते. महिलांना अर्धे तिकीट असल्याने मुलीचे तिकीट माझ्या निम्म्यात आले, आणि त्याचा तिला फार आनंद झाला. डब्यात भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी होती. जुन्नरच्या स्थानकावरून शेअर रिक्षाने लेण्याद्रीचा पायथा गाठला. तिकीट पंचवीस रुपये, तेही माझे एकट्याचे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. ज्यांना वाटते की प्राचीन लेणी पाहणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे, त्यांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बहुतेक माणसे सातव्या लेण्यातल्या गिरिजात्मजाच्या दर्शनाला येतात. ज्या दालनात आज गणपती आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. आत स्तूप आणि दोन्ही बाजूंना खांबांची रांग. दारावरच्या ब्राह्मी लेखात देणगीदाराचे नाव आहे: कल्याणचा सुलसदत्त, हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. खाडीकाठच्या कल्याणच्या माणसाने सह्याद्रीच्या या अंगाला दान का द्यावे? कारण मधे नाणेघाट आहे. कोकणातल्या बंदरांतून येणारा माल या घाटाने वर चढे, जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही. व्यापारी, बैलांचे तांडे आणि भिक्षू एकाच वाटेने चालत. वाट जिथे दम खाते तिथे लेणी खोदली गेली.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा हे त्यांचे मुख्य गट. यांपैकी बरीच पाहायला एक पैसाही लागत नाही, फक्त पाय लागतात. इथल्या लेखांत राजांपेक्षा इतरांचीच गर्दी जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. नहपान राजाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी दान दिले, ते एक मंडप आणि एक पोढी. मोठा अधिकारी असो की बाजारपेठेतला व्यापारी, दान द्यायची वेळ आली की त्यांना पाणी आठवे. ज्याने हा डोंगर भर दुपारी चढला आहे त्याला याचे कारण सांगावे लागत नाही.

आणि याच लेखांत तीन यवन आहेत. चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करवले. चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. एवढेच. पुढे-मागे काही नाही. नाव, यवन असल्याची नोंद, आणि दोन टाकी पाणी.

मी मुलीला एका टाक्याच्या काठावर बसवून हे सांगितले. तिने विचारले, "मग तो आपल्यातला होता?"

इथे मोह होतो. हो म्हणून टाकावे, मुलीचे मन भरेल. पण ते खोटे झाले असते. इरिलच्या काळात इस्लामचा जन्म व्हायला अजून काही शतके होती. यवन हा शब्द आला आयोनियातल्या ग्रीकांच्या नावावरून. इराणी लोक त्यांना 'यौन' म्हणत, अशोकाच्या शिलालेखांत ते 'योन' झाले. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या बऱ्याच परक्यांना तोच शब्द लागू लागला आणि पुष्कळ शतकांनी मराठीत तो मुसलमानांना चिकटला. म्हणजे शब्द एकच राहिला, त्याखालची माणसे बदलत गेली. मी मुलीला म्हटले, "इरिल आपला पूर्वज नाही. पण तुझ्याकडे ज्या शब्दामुळे माना वळल्या, तो शब्द त्याने स्वतःच्या दानावर कोरून घेतला होता. त्याला तो लपवावासा वाटला नाही, आणि संघालाही त्याचे पाणी वर्ज्य वाटले नाही."

याचा अर्थ त्या काळी सगळे गोडीगुलाबीने नांदत होते असे मुळीच नाही. नाशिकची पांडवलेणी पाहा. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन ती शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा असे करते. त्याच डोंगरात सतराव्या लेण्यात दुसरा लेख आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा योनक इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, याने आईवडिलांसाठी लेणे, चैत्यगृह आणि पोढ्या खोदवल्या. योनक म्हणजे यवनच. बापाचे नाव धर्मदेव, मुलाचे धर्मरक्षित. या घराण्याची नावे इथल्या मातीत केव्हाच मिसळली होती.

एकाच डोंगरावर यवनांच्या संहाराचा अभिमान आहे आणि यवनाने आईवडिलांच्या पुण्यासाठी दिलेले पाणीही आहे. एक लेख खरा आणि दुसरा खोटा असे नाही. युद्ध राजांचे होते, तेही खरे. पोढी भिक्षूंची होती, तेही खरे. आपली अडचण अशी की शाळेतून मुले पहिला लेख शिकून येतात आणि दुसऱ्यापर्यंत कोणी त्यांना नेत नाही.

लेण्याद्रीवरून समोर शिवनेरी दिसतो. त्याच्या कड्यांत बौद्ध लेणी आहेत, वर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आणि तिथेच टाक्याच्या काठावर कमानी मशीदही उभी आहे. मी मुलीला बोटाने दाखवत होतो. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सगळ्यांनाच पाण्याजवळ जागा हवी असते." मी काही बोललो नाही. माझ्या दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा ते बरे होते.

दुपारी तुळजा लेण्यांकडे गेलो. तिथले चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप आणि भोवती बारा खांब. अशा घडणीचे चैत्यगृह क्वचितच पाहायला मिळते. तिकीट नाही, गर्दी नाही. आम्ही तिथेच सावलीत डबा खाल्ला.

परतीच्या एसटीत ती झोपेला आली होती. डोळे मिटता मिटता तिने विचारले, "सोमवारी कोणी मागे वळून पाहिले तर काय सांगू?" मी म्हटले, "काही सांगायलाच हवे असे नाही. वाटले तर विचार, जुन्नरला येता का म्हणून."

तुम्हीही जा. हिवाळ्यात जा, पहाटेची एसटी पकडा, डबा घरचा न्या. इरिलची टाकी आज कोणाची तहान भागवत नाहीत, तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर ठेवा. एक आपल्यासाठी आणि एक पायऱ्यांवर दमून बसलेला जो कोणी भेटेल त्याच्यासाठी. बाटली पुढे करताना त्याचे नाव-गाव विचारायची गरज नाही.