तुकडा जमिनीचा, दंड गरिबाला!

शहरालगतच्या वस्त्यांत आमच्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन गुंठा-दोन गुंठे जमीन घेतली. घर बांधले, घरपट्टी भरली. पण सातबाऱ्यावर नाव लागत नाही. कारण तुकडेबंदी! आता हे तुकडे नियमित करण्याचे निर्णय झाले की मेहरबानीचे फलक झळकतात. मेहरबानी कसली? या प्रश्नाचे मूळ बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवले होते.

1918 साली लहान शेतीधारणेवरील निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की, दोष तुकड्याच्या आकारात नाही. जमिनीवर माणसांचा भार फार आणि भांडवल अपुरे, हे खरे दुखणे आहे. त्यावर औषध औद्योगिकीकरण. पुढे 10 ऑक्टोबर 1927 रोजी मुंबई विधिमंडळात सरकारच्या लहान धारणांच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. तुकडे एकत्र करण्याच्या नावाखाली लहान शेतकरी भूमिहीन होईल, हा त्यांचा आक्षेप होता. मालकी कायम ठेवून सहकारी शेती करा, हा त्यांचा पर्याय होता. विरोधामुळे ते विधेयक बारगळले.

पण 1947 साली मुंबई प्रांताने तुकडेबंदीचा कायदा केलाच. बेकायदा तुकड्याचा व्यवहार रद्दबातल ठरू लागला. शेतीसाठी केलेला हा कायदा शहरे वाढल्यावर घरासाठी जागा घेणाऱ्याच्या मानेवर बसला. जमीन पाडून विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला. घेणारा मात्र बेकायदा ठरला.

मग दुरुस्त्यांची रांग लागली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने खासगी जमिनीवरील विनापरवाना पाडलेले भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली. 2017 साली तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. पण बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम मागितली. ती मजुराने कुठून आणायची? पुढे हा दर 5 टक्क्यांवर आणावा लागला आणि 2025 मध्ये रहिवासी क्षेत्रांतील तुकड्यांसाठी शुल्कच काढले. म्हणजे आधीची आकारणी अन्याय्य होती, याची ही कबुलीच!

पण आमचा खरा सवाल पुढे आहे. गुंठेवारीची सवलत खासगी जमिनीपुरती. गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचे काय? दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते याच जमिनीसाठी. खासगी प्लॉटला 'नियमितीकरण' आणि गायरानाला 'अतिक्रमण', हा भेद कुणाच्या सोयीचा?

तरुणांनो, भाषणांबरोबर कागदही हाती घ्या. वस्तीत घरोघर जाऊन कुणाकडे नोंदणीकृत खरेदीखत आहे, कुणाकडे नुसता स्टॅम्पपेपर, याची यादी करा. नुसत्या नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, हे समजावून सांगा. फेरफाराचे अर्ज तलाठ्याकडे एकत्र द्या, पोच घ्या. बाबासाहेबांनी आकडे आणि कायदा हाती घेऊन विधिमंडळात लढा दिला. आम्ही निदान आमचा सातबारा तरी वाचायला शिकू.

जय भीम!