करवंटीचा कोळसा: सोनं ठेवायचं, शिसं कुठं टाकायचं?

आजचा विषय साधा वाटेल: नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि पाण्यात विरघळलेले धातू. आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले, तेव्हा रसायनशास्त्र बेतानंच येईल. पण या कोळशाच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो रसायनाचा नाही.

आधी कोळशाचं काम पाहू. करवंटी हवा न लागू देता भाजली आणि मग 800 ते 1000 अंश सेल्सिअसला तिच्यावर वाफ सोडली, की आत असंख्य बारीक छिद्रं उघडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे चिमूटभर कोळशात पाव एकर रान! पाण्यातले पदार्थ या पृष्ठभागाला चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. बोळा पाणी पितो तसं हे नव्हे. भिंतीवर धूळ बसते तसं.

1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गला लोविट्झ यांनी पाहिलं, की कोळशानं द्रवाचा रंग जातो. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले आणि मुखवट्यांसाठी कोळसा हवा झाला. 1918 मध्ये अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं जमा करायला सांगितलं गेलं. काल उकिरड्यावर जाणारी वस्तू आज सैनिकाचा प्राण वाचवू लागली.

पण विरघळलेला धातू टरफलाच्या कोळशानं मोठ्या प्रमाणावर धरला, तो कुठे? नळाच्या पाण्यात नाही, सोन्याच्या खाणीत! 1887 मध्ये ग्लासगोचे मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवण्याची रीत काढली. ते परत मिळवायला जस्त वापरत, आणि त्यासाठी पाणी नितळ गाळून घ्यावं लागे. करवंटीच्या कोळशाला ही अट नव्हती. त्याचे टणक दाणे थेट चिखलात सोडायचे, सोनं त्यांच्यावर बसलं की चाळून काढायचे. 1950 च्या सुमारास झाड्रा यांनी कोळशावरचं सोनं उतरवून कोळसा पुन्हा वापरता येईल अशी पद्धत दिली. 1973 मध्ये साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीत ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. त्याआधी तिथं पारा वापरत. तो नदीनाल्यांत जातो म्हणून बंद करावा लागला, तेव्हा उरलेलं सोनं पकडायला हा कोळसा कामी आला.

आता दुसरी बाजू. 30 जानेवारी 2000 रोजी रुमानियातल्या बाया मारे इथं, जुन्या खाणींच्या गाळातून सोनं काढणाऱ्या कारखान्याचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी, सोबत तांब्यासारखे जड धातू, नद्यांतून तिसा नदीत आणि तिथून डॅन्यूबमध्ये गेलं. मासे टनावारी मेले. सोन्याचा कणन् कण टिपणाऱ्या माणसानं बाकीचं पाणी बांधामागं ठेवलं होतं आणि ‘झालं काम’ म्हटलं होतं.

कुणी म्हणेल, मग शिसं, कॅडमियमही कोळशानं काढा ना! काढता येतं. शेंगदाण्याच्या, बदामाच्या, अक्रोडाच्या टरफलांवर प्रयोगशाळांतून पुष्कळ काम झालंय. मात्र सायनाइडमधलं सोनं कोळशावर जसं सहज बसतं, तसं शिसं बसत नाही. पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट आणावे लागतात, पाण्याची आम्लता सांभाळावी लागते.

आणि खरी अडचण पुढंच आहे. अधिशोषणानं धातू नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. सोन्यानं भरलेला कोळसा तिजोरीत जातो, कारण त्याला धनी आहे. शिशानं भरलेला कोळसा कुणाचा? त्यावरून आम्ल फिरवलं तर शिसं पुन्हा पाण्यात. फेकला तर पावसासोबत जमिनीत. आपण ‘शुद्ध’ म्हणतो तेव्हा बहुधा एवढंच म्हणत असतो, की घाण आपल्या नजरेआड गेली.

म्हणून कुणी आपल्याला टरफलाच्या कोळशाचं स्वस्त गाळणं दाखवलं, तर धातू किती टक्के निघाला हे जरूर विचारू. पण त्याच दमात हेही विचारू या: भरलेला कोळसा कोण नेणार, कुठं ठेवणार, आणि त्याचा खर्च कोण सोसणार?