ख्रिस्ती धर्मांतर : सत्यतेचा प्रश्न

ख्रिस्ती धर्मात प्रवेश करणाऱ्या माणसाची श्रद्धा खरी कशावरून मानावी, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील फार जुना आणि महाराष्ट्रात, त्यातही वसईच्या मुलुखात, अद्याप न निवालेला प्रश्न आहे. मराठीत या घटनेला निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतच निरनिराळे निवाडे दडलेले आहेत. ‘बाटणे’ हा बाहेरून पाहणाऱ्याचा शब्द असून त्यात कर्त्याच्या इच्छेला जागाच नाही. सोवळे जसे विटाळते तसा माणूस बाटतो, त्याने काही ठरविलेले नसते. ‘धर्मांतर’ हा दरबारी व कायदेशीर दस्तऐवजांचा शब्द. तो माणसाने एक नोंद सोडून दुसरी धरली एवढेच सांगतो. नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलात ‘पश्चात्ताप’ योजिला जातो त्याचा मूळ अर्थ मन पालटणे असा आहे, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने सत्यतेचा प्रश्न उपस्थित होतो तो या तिसऱ्या अर्थाच्या संबंधात.

वसई-दिवा लोहमार्गावरील जूचंद्र हे गाव चंडिकादेवीचे टेकडीवरील स्थान, आगरी वस्ती आणि रांगोळी काढणारे कलावंत यांसाठी ओळखले जाते. तेथून पश्चिमेस, नायगावपासून पापडी, सांडोरपर्यंत व पुढे उत्तरेस पसरलेल्या बागायती पट्ट्यात मात्र सामवेदी, वाडवळ, कोळी अशा मूळ जातिनामांनी अजूनही ओळखले जाणारे ख्रिस्ती समाज राहतात. बोलणे मराठीच्या पोटभाषांचे, लग्नात हळद आणि उंबराचे पाणी, नव्या पिकाची कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा आगेऱ्याचा सण, आणि त्याचबरोबर रोजरी व मिस्सा, असा हा आचार आहे. सामवेदी ख्रिस्त्यांना ‘कुपारी’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील धर्मपित्याच्या नात्याच्या वाचक शब्दापासून आला असे मानण्यात येते. बाप्तिस्म्याने जडणाऱ्या नात्याचेच नाव संबंध समाजाला पडावे, ही गोष्ट मोठी सूचक आहे.

या समाजाच्या उत्पत्तीविषयी सर्वत्र एक कथा सांगतात : पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, गावाने सकाळी पाणी प्याले आणि गाव बाटले. कथा इतिहास म्हणून घेण्याजोगी नाही. मात्र तिचे तर्कशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण तिने दोन्ही बाजूंची सोय केली. हिंदू समाजाला आपली माणसे विश्वासाने नव्हे तर फसवणुकीने गेली असे म्हणता आले. आणि गेलेल्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांनी धर्म स्वेच्छेने सोडला ही कबुली द्यावी लागली नाही. पाण्याने धर्म जातो ही कल्पना जातिव्यवस्थेतील आहे. केवळ खाण्यापिण्याने कोणी ख्रिस्ती होतो असे ख्रिस्ती धर्मशास्त्र कधीही मानीत नव्हते.

प्रत्यक्षात घडले ते अधिक गुंतागुंतीचे होते. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन व येशूसंघी धर्मगुरूंचे कार्य राजसत्तेच्या छायेखाली चालले. बाप्तिस्मा हा स्वेच्छेचाच असावा, हे तत्त्व त्या काळीही कागदोपत्री मान्य होते. गोव्याच्या १५६७ च्या प्रांतिक धर्मसभेने बळाने बाप्तिस्मा देण्यास मनाई केली होती. परंतु त्याच राजवटीत देवळे पाडली जात होती, हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी येत होती, आणि गोव्यात तर १५५९ च्या फर्मानाने आईबाप नसलेली मुले ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करण्याची तजवीज झाली होती. तलवार गळ्यावर नव्हती. पण एका दाराशी मेहेरनजर उभी होती आणि दुसऱ्या दाराशी शिपाई. अशा स्थितीतील होकार किती खरा, याचा निर्णय चारशे वर्षांनंतर प्रत्येक घराण्यापुरता करू पाहणे व्यर्थ आहे.

या प्रश्नावर पाश्चात्त्य चर्चने फार पूर्वी एक भेद केला होता व त्याचे परिणाम दूरगामी झाले. तिसरा इनोसंट या पोपने १२०१ मध्ये असे ठरविले की, जो अखेरपर्यंत विरोधच करीत राहिला त्याचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. परंतु जो धाकाने का होईना कबूल झाला, त्याच्यावर संस्काराचा ठसा उमटला, आणि त्याला तो धर्म पाळावयास लावता येईल. संस्काराची ग्राह्यता आणि श्रद्धेची सत्यता या दोन वस्तू अशा रीतीने अलग पडल्या. कच्च्या मनाने घेतलेला बाप्तिस्माही ग्राह्य ठरल्यामुळे, घरात गुपचूप जुने कुलाचार करणारा नवख्रिस्ती हा अन्यधर्मीय न राहता पाखंडी ठरू लागला आणि १५६० पासून गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनच्या अधिकारात आला. अंतःकरणाची परीक्षा घेण्याचे काम कचेरीकडे गेले की काय होते, याचा हा दाखला आहे.

याहून उदार परंपराही त्याच चर्चमध्ये होती. संत ऑगस्टीनने सुमारे ४०० साली धर्मशिक्षकांसाठी लिहिलेल्या लहानशा ग्रंथात, लाभाच्या आशेने येणाऱ्या माणसाला हाकलून न देता त्याच्या त्या खोट्या हेतूपासूनच शिकवणीस आरंभ करावा, म्हणजे ज्याचे त्याने सोंग आणले ते खरोखर व्हावेसे त्याला वाटू लागेल, असा सल्ला दिला आहे. त्याहीपूर्वी रोममध्ये दीक्षार्थ्याला तीन वर्षांपर्यंत शिकवणीत ठेवून, त्याने विधवांना मान दिला काय, आजाऱ्यांची विचारपूस केली काय, याची साक्ष त्याला आणणाऱ्यांकडून घेत असत. नव्या करारातील जक्कय हा जकातदार तर आपल्या पालटाचा पुरावा हिशेबाने देतो : लुबाडलेले चौपट परत. याच्या उलट शोमरोनातील शिमोन जादूगार बाप्तिस्मा घेऊन चुकलेला असतो, आणि मग पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैसे मोजून मागतो.

वसईच्या ख्रिस्त्यांची खरी कसोटी त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी लागली नाही, ती १७३९ च्या मे महिन्यात लागली. चिमाजी अप्पाने किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्तेचा दोनशे वर्षांचा अंमल संपला, यूरोपीय धर्मगुरू निघून गेले, किल्ल्यातील मठ ओस पडले, आणि ख्रिस्ती राहण्यात कोणताही दरबारी लाभ शिल्लक राहिला नाही. त्या वेळी जे केवळ दबावाने किंवा लोभाने आत आले होते त्यांना परतीची वाट मोकळी होती, निदान राजसत्तेची आडकाठी तरी नव्हती. तरीही गावेच्या गावे गोव्याकडील एतद्देशीय पाद्र्यांच्या आधारे ख्रिस्ती राहिली. यावर असा आक्षेप घेता येईल की, जातीने परत घेतले नसते म्हणून ती राहिली. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि पुढे उरण भागातील काही ख्रिस्ती आगरी हिंदू समाजात परत गेले व ‘नवे मराठे’ म्हणून ओळखले गेले, यावरून वाट अरुंद असली तरी बंद नव्हती, हे दिसते. ज्या श्रद्धेचा आरंभ संशयास्पद होता तीच नातवा-पणतवांच्या पिढीत निःसंशय झाली, एवढे प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. ज्या वसईत १५५६-५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मेला व १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाला, तेथे हुतात्म्याची साक्ष नेहमी पुढे केली जाते. हौतात्म्य हा निर्णायक पुरावा खरा, पण तो थोड्यांच्याच वाट्याला येतो. सामान्य माणसाची साक्ष शेतीच्या हंगामासारखी दरसाल द्यावी लागते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न समूहाकडून व्यक्तीकडे आणि पाद्र्याच्या नोंदवहीतून न्यायासनापुढे आला. १८३९ मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला तेव्हा पारशी समाजाने फिर्याद केली. धनजीभाई स्वतःचे बरेवाईट समजण्याच्या वयाचे आहेत असे ठरून त्यांना आपल्या इच्छेप्रमाणे जाण्याची मोकळीक मिळाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला, पण तो अल्पवयी ठरला व कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. मिशनऱ्यांच्या घरी अन्न खाल्लेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली व तीपायी मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात मोठा वाद माजला. कोर्ट वय पाहत होते आणि ब्रह्मवृंद अन्न. श्रीपतच्या मनात काय होते, हा मुद्दा दोन्ही निवाड्यांत गौण राहिला.

श्रद्धेच्या सत्यतेचे आत्मपरीक्षण मराठीभाषकांत सर्वांत कठोरपणे कोणी केले असेल तर ते पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२). इंग्लंडात वॉन्टेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लगेच, ज्यांच्या आश्रयाला त्या होत्या त्या अँग्लिकन भगिनींशी त्यांचा त्रैक्याच्या सिद्धान्तावरून व ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावरून पत्रव्यवहारी वाद सुरू झाला. पोटासाठी वा आश्रयासाठी धर्म घेणारी व्यक्ती आश्रयदात्यांशी असे भांडत नाही, हे त्यांच्या टीकाकारांच्या ध्यानात यावयास हवे होते. पण रमाबाईंचा स्वतःवरील आरोप याहून तिखट होता. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त वाचून त्यांना हे उमगले. आणि हा हॅस्लम तर व्यासपीठावरून स्वतःचेच प्रवचन देता देता पालटलेला गृहस्थ! म्हणजे बाप्तिस्मा झालेला, एवढेच नव्हे तर बाप्तिस्मा देणाराही, अद्याप आत आलेला नसू शकतो.

रमाबाईंच्या बाबतीत मात्र प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू होऊन पुढील वर्षी पुण्यास गेलेल्या शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे अभिवचन होते. मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या म्हणून १८९३ मध्ये वादळ उठले, न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी सक्ती केली नाही, हे बहुतांशी खरे मानता येते. परंतु सर्वांनी टाकलेल्या बालविधवेला ज्या एका बाईने पोटाशी धरले, त्या बाईचा देव तिला प्रिय वाटला तर ती श्रद्धा की कृतज्ञता, याचे उत्तर त्या मुलीलाही देता आले नसते, आणि कदाचित दोहोंत भेद करण्याचे कारणही नसेल.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची गोष्ट निराळी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो मुद्दाम हिंदी धर्मोपदेशकाच्या हातून. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षे वेगळ्या वाटेवर होत्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसते ते असे की, आधी त्यांच्या मनातून सोवळे-ओवळे गेले, परजातीच्या माणसाच्या हातचे पाणी चालू लागले, आणि मग केव्हातरी बाप्तिस्मा आला. नवऱ्याच्या मागे जाणारी बायको असे कोणी म्हणेल, तर त्या पाच वर्षांचा हिशेब त्याने द्यावा. टिळकांनी अखेरीस मिशनची पगारी नोकरी सोडून १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. संस्काराची ग्राह्यता आणि श्रद्धेची सत्यता या, इनोसंटने अलग केलेल्या, वस्तू येथे उलट्या बाजूने अलग झाल्या.

दुष्काळातील धर्मांतरांवर जो शिक्का बसला आहे त्याविषयी थोडे. नगर जिल्ह्यातील महार-मांग समाजांत अमेरिकन व पुढे कॅथलिक मिशनांनी केलेल्या कार्याला १८७६–७८ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी आहे, आणि धान्यासाठी झालेले ख्रिस्ती हा आरोप तेव्हापासूनचा. मिशनरीही या बाबतीत साशंक असत. आंध्रातील ओंगोल येथे जॉन क्लाउ यांनी दुष्काळ चालू असेतो बाप्तिस्मे थांबविले आणि मदतीचे काम संपत आल्यावर, जुलै १८७८ मध्ये, एका दिवसात २,२२२ जणांना ते दिले. तरीही जन्मजात ख्रिस्त्याच्या हेतूची झडती कोणी घेत नाही आणि भुकेल्याची मात्र पदोपदी घेतली जाते, हा पंक्तिप्रपंच आहे. ज्याला गावात माणूस म्हणून उभे राहता येत नव्हते त्याने प्रतिष्ठेसाठी धर्म बदलला, तर त्या हेतूला अधार्मिक म्हणणे सोपे नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्य व मिशनकार्य या दोन्ही विषयांवरील दस्तऐवज संमत केले. त्यांत सक्तीबरोबर आमिषालाही मनाई असून, येणाऱ्याच्या हेतूंची चौकशी करावी व जरूर तर त्यांची शुद्धी करावी, असे सांगितले आहे. भारतीय न्यायालये हेतूपेक्षा जाहीर वर्तन पाहतात. नागपूरकडील एका निवडणूक प्रकरणात, पंजाबराव विरुद्ध मेश्राम (१९६५), बौद्ध धर्म स्वीकारल्याची जाहीर घोषणा पुरेशी मानली गेली. १९७७ च्या स्टॅनिस्लाउस निवाड्यात, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असे ठरले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, श्रद्धेवाचून केवळ आरक्षणाच्या लाभासाठी केलेला धर्मांतराचा दावा म्हणजे संविधानाची फसवणूक असे म्हटले. शेवटच्या प्रकरणात दावा हिंदू असल्याचा होता, आणि न्यायालयाने चर्चला जाण्याचा नित्यक्रम हा पुरावा म्हणून पाहिला.

१९८३ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेनुसार प्रौढाने बाप्तिस्म्याची इच्छा स्वतः प्रकट केली पाहिजे, शिकवण घेतली पाहिजे आणि दीक्षाकाळात ख्रिस्ती जीवनाच्या आचरणाने पारखले गेले पाहिजे. हा संस्कार शक्यतो ईस्टरच्या जागरणविधीत होतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतालाही हीच संहिता लागू आहे. हिंदू व ख्रिस्ती वस्त्या जेथे लोहमार्गाच्या दोन अंगांना आहेत अशा भागात दीक्षेची विचारणा पुष्कळदा विवाहाच्या निमित्ताने होते. परंतु बिशपांकडून सूट घेऊन बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह करण्याची सोय याच संहितेत असल्याने, लग्नासाठी धर्म बदलणे आवश्यक नाही; आणि तसे सांगून लग्न आधी लावून देणारा, दीक्षेचे पुढे पाहू म्हणणारा धर्मगुरू संहितेच्या हेतूला धरूनच वागत असतो.