पवईचं सौर केंद्र: पैसा सरकारचा, कामाचं शेतकऱ्याच्या

मुंबई उपनगरात पवईच्या आयआयटीत सौरऊर्जेचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियानात ते सुरू झालं; पैसा केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा. तिथं नवे सौर सेल बनवून तपासतात. पण आपल्या कामाचं वेगळंच. इथल्या मंडळींनी देशभर फिरून उन्हात राहिलेली पॅनेल तपासली. उष्ण भागातली आणि लहान जोडणीतली पॅनेल लवकर कमजोर झालेली दिसली. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकरी 10 टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा 5 टक्के. पॅनेल चढवताना आपटलं, वर पाय पडला की आत बारीक भेगा पडतात, डोळ्याला दिसत नाहीत. बसवणारा आला की शेतात थांबा.