राज्य बदलले, गुरुजी तेथेच

एका राज्यातला शिक्षक दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला, की पहिला प्रश्न त्याच्या कागदांचा निघतो. इथले ट्रेनिंगचे सर्टिफिकेट तिथे चालेल का? पण गुरुजी गावातून हललेच नाहीत आणि राज्यच बदलले तर? हे आपल्याकडे खरोखर घडले आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. एकट्या बीदर जिल्ह्याचे पाहा. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी म्हैसूरकडे गेले. जहिराबाद आंध्र प्रदेशात. काल एकाच जिल्ह्यात शिकवणारे गुरुजी आज तीन सरकारांचे नोकर झाले. शाळा तीच, फळा तोच, पोरेही तीच!

आता अडचण ध्यानात घ्या. निजामाच्या अमदानीत कारभार उर्दूचा. तेव्हा नोकरीला लागलेल्या गुरुजींचे कागदही बहुधा उर्दूतलेच. इकडे मुंबई राज्याच्या परीक्षा वेगळ्या, वेतनश्रेण्या वेगळ्या. शिवाय प्राथमिक शाळांचा धनीही एक नव्हता: पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा स्कूल बोर्ड, विदर्भात जनपद सभा आणि मराठवाड्यात खुद्द सरकार. (जिल्हा परिषदा आल्या त्या 1 मे 1962 ला.) मग उदगीरच्या गुरुजींना पुन्हा परीक्षेला बसवायचे की काय?

राज्य पुनर्रचना कायद्याच्या 116 व्या कलमाने याचे उत्तर दिले. जो ज्या जागेवर आहे तो तेथेच राहील, आणि नव्या सरकारनेच त्याला रीतसर नेमले असे मानले जाईल. 115 व्या कलमाने आणखी एक कुंपण घातले. केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या नोकरीच्या अटी त्याला तोटा होईल अशा बदलता येणार नाहीत.

कायदा चांगला होता, यात शंका नाही. पण भाकरी वाचली तरी पंगतीतली जागा ठरायची होती. दोन राज्यांचे नोकर एका यादीत बसवताना ज्येष्ठता कशी धरायची? त्यासाठी चार कसोट्या ठरल्या: कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकार, भरतीच्या वेळची किमान पात्रता आणि शेवटी पगार. पगार शेवटी ठेवला हे मला फार शहाणपणाचे वाटते; नाहीतर श्रीमंत राज्याचा नोकर आपोआप वरचढ ठरला असता. तरी ज्येष्ठतेचे वाद पुढे कितीतरी वर्षे कोर्टात चालले. आणि ही कलमे होती सरकारी नोकरांसाठी. खाजगी संस्थेतल्या मास्तरांना त्यांचा थेट आधार नव्हता, ही उणीवच म्हणायची.

भालकीच्या मराठी गुरुजींनाही हेच संरक्षण मिळाले. त्यांच्या वर्गातल्या मुलांसाठी त्याच वर्षी घटनेत 350-अ हे कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी.

आज स्वतःहून राज्य बदलणाऱ्या शिक्षकाला 116 वे कलम नाही. 2010 पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा आली. केंद्राची परीक्षा वेगळी, राज्याराज्यांच्या वेगळ्या. शेजारच्या राज्यात अर्ज करायचा, तर आपले प्रमाणपत्र तिथे धरतात का, हे त्या भरतीच्या जाहिरातीत आधी वाचून घ्यावे लागते.